जात्यावरची चाल

पंचगंगा घाटावर पुन्हा बांबू उभे राहिले आहेत.

कोजागरी झाली की घाटावर हे उंच बांबू रोवतात. प्रत्येकाच्या टोकावरून एक दोरी खाली येते, दोरीला वेताची टोपली आणि टोपलीत पणती. कार्तिक महिनाभर रोज सांजेला या टोपल्या हलत हलत वर चढतात आणि आकाशात लुकलुकत राहतात. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून लावलेले हे आकाशदीप. खाली पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून पुरता निघालेला नसतो. पंपाच्या पाण्याने तो धुतात. ओला गाळ, जळकं तेल आणि हातगाडीवरचे पहिले पेरू यांचा मिळून एक वास हवेत राहतो. त्या वासाने मला दरवर्षी कळतं की तो ऋतू परत आला.

रूथ, ईशान, तुमच्याकडे या दिवसांत झाडं लाल होतात. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला खिडकीतून ती दाखवलीत, आणि मग ईशानने एकदम विचारलं, "आजी, तू आणि आजोबांनी खरंच चर्च सुरू केलं होतं?" मागून तुमच्या आईचा आवाज आला, "करणार होते रे." मी म्हटलं, सांगेन कधीतरी. फोन ठेवल्यावर वाटलं, या दोघांत बरोबर कोण हे मलाही पटकन सांगता आलं नसतं. म्हणून लिहायला बसले. आई वाचून दाखवेल. तिला मध्येच थांबावं लागलं तर थांबू द्या.

आपण मूळचे नगरकडचे. आजोबांना रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही बनारसला आलो. मी शाळेत इंग्रजी शिकवू लागले. दोन-चार वर्षांत बदली होईल म्हणता म्हणता सगळं आयुष्य इथेच गेलं. दर रविवारी आम्ही कँटच्या, म्हणजे छावणीच्या, बाजूच्या हिंदी चर्चमध्ये जात असू. माणसं प्रेमळ, पाद्रीसाहेब भले. तरी परतताना आजोबा कधीकधी म्हणत, "आज पुन्हा देवाकडे पाहुण्यासारखा बसून आलो. चप्पल नीट काढली, पाणी मागितलं नाही." मला तसं कधी वाटलं नाही. मला प्रार्थना कुठल्याही भाषेत चालते. इंग्रजीत तर जास्तच, तिथे शब्द जागच्या जागी ठेवता येतात. माझ्या कपाटात चादरी घडीवर घडी असतात. आजोबांच्या कपाटात पायमोज्यांच्या आत तबल्याची हातोडी सापडायची.

आणि मला गाता येत नाही. लग्नानंतर पहिल्याच नाताळात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव गं बाळा." ते मी आयुष्यभर इमानाने पाळलं.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आजोबांचा घसा बसला, तो सुटेना. आधी ज्येष्ठमध झालं, काढे झाले, मग तपासण्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच मला कळलं. स्वरयंत्र काढावं लागेल, ते म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. नंबर लागायला तसाही वेळ आहे, नाताळ होऊन जाऊ दे, मग तारीख ठरवू.

परत येताना टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. समोरून धूळ येत होती म्हणून मी त्यांच्या तोंडावर रुमाल धरला. तो बाजूला करून ते म्हणाले, "आवाज आहे तोवर एकदा मराठीत उपासना करायची. आपल्या घरी. आपली मंडळी उभी करायची."

मंडळी म्हणजे आपल्यात चर्च. विटांचं नव्हे, जमलेल्या माणसांचं.

"माणसं कुठून आणणार?" मी विचारलं.

"तू खुर्च्या बघ, मास्तरीणबाई. माणसं मी बघतो."

एवढीच गोष्ट होती. आवाज जायच्या आत त्यांना आपल्या आईच्या भाषेत देवापुढे एकदा मोकळं गायचं होतं, आणि ते गाणं पुढे चालवणारी चार माणसं इथे मागे ठेवायची होती. त्या कार्तिकात आम्ही जी धावपळ केली ती सगळी या एकाच गोष्टीसाठी.

आता आठवताना ती धावपळ मला सुखाची वाटते, हे विचित्र आहे. पुढच्या खोलीला चुना दिला. दिवाण मागे गेला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरलं. साध्या पांढऱ्या कापडाला मी टीप मारली आणि ते टेबलावर अंथरलं. आजोबांनी कारखान्यातल्या एका जुन्या मित्राकडून सागवानी पट्ट्या आणून क्रूस केला. तो त्यांनी इतका घासला की हाताला दुधाच्या सायीसारखा लागायचा. बाहेर लावायचा की आत, यावर आम्ही बोललो नाही. समोरचे मिश्राजी एका सकाळी दारात येऊन उभे राहिले होते.

"साल्वेजी, सुना है यहाँ कुछ खुल रहा है?"

आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खुल नहीं रहा, मिश्राजी. गला बंद होने वाला है. उससे पहले थोड़ा गा लेना है."

मिश्राजी एक पायरी खाली उतरले. "अरे… कोई ज़रूरत हो तो कहिएगा," म्हणून ते निघाले. माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानात मी गेले की तिथलं बोलणं मध्येच थांबायचं. क्रूस आतल्या भिंतीवर लागला. पाद्रीसाहेबही म्हणाले होते, "नई कलीसिया मत कहिए, साल्वे साहब. प्रार्थना-सभा कहिए. ज़माना ठीक नहीं है." कलीसिया म्हणजे मंडळीच. आजोबांनी मान डोलावली, आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "नाव काहीही असू दे. बाळाला आधी जन्मू तर दे."

बसायचं जाजमावर, हा त्यांचा हट्ट. भजनाला बसतात तसं, मांडी घालून. माळ्यावरचं तांबडं जाजम मी धुऊन गच्चीवर वाळत टाकलं, तर ते बघायला शिंदे सिस्टर आल्या. त्या नागपूरच्या, इथल्या इस्पितळात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी जाजमाकडे पाहिलं.

"साळवे, मी बसेन हो खाली. पण मग उठवायला पुढच्या रविवारी या."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आजोबांनी ज्यांना ज्यांना बोलावलं होतं त्या बहुतेकांचे गुडघे गेले होते. तरुण असं एकच जोडपं होतं. डेव्हिड बँकेत होता, कोल्हापूरकडून बदली होऊन आलेला, आणि त्याची बायको. त्यांची मुलं घरातसुद्धा हिंदी बोलायची. मग तंबूवाल्याकडून भाड्याने खुर्च्या आणल्या. जाजम खुर्च्यांच्या पायांखाली राहिलं.

पण खरी चूक वेगळीच होती. येणार का, किती वाजता, कशाने, हे आजोबांनी सगळ्यांना विचारलं होतं. गाता काय, हे कोणालाच विचारलं नव्हतं. मराठी माणूस, मराठी गीत, त्यात विचारायचं काय! पहिल्या तालमीला गीतांची पुस्तकं उघडली. शब्द सगळ्यांपुढे तेच. आजोबांनी नगरच्या चालीत उचललं, शिंदे सिस्टरनी नागपूरच्या, आणि डेव्हिड म्हणाला, "काका, याची धून तर ती हिंदीवाली आहे ना?" एका ओळीत तीन वाटा फुटल्या आणि दुसऱ्या ओळीला सगळे थांबले.

"तुम्ही नगरवाले असं मेल्यासारखं का गाता?" शिंदे सिस्टर म्हणाल्या.

"आणि तुमच्याकडे काय, गाडी पकडायची असते?" आजोबा म्हणाले.

हसलो आम्ही. पण चाल ही मोठी नाजूक गोष्ट असते, मुलांनो. आपल्या आईने जशी म्हटली तीच खरी, बाकीच्या चुकीच्या, असं प्रत्येकाला आतून वाटतं. पुढच्या तालमीला दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मग आजोबांनी तोडगा काढला. सुरुवातीचं गीत पुस्तकातलं नकोच. आपण आईची ओवी घेऊ.

"ती तर कोणालाच येत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच. कोणाला येत नाही म्हणजे कोणी भांडणार नाही."

ही ओवी तुमच्या पणजीची. ती प्रवरेकाठच्या खेड्यातली. तिच्या सासऱ्यांच्या वेळी घर ख्रिस्ती झालं, पण पहाटे दळणाला बसली की चाल तीच राहिली जी तिच्या आईच्या, आजीच्या जात्यावर होती. फक्त शब्द तिने आपले घातले. ते शब्द मला पाठ आहेत, कारण शब्द ही माझी बाजू:

जातं फिरे घरघर, पीठ पडे भुरभुर,
येशू माझा सांगाती, वाट नाही आता दूर.

वाचायला सोपं आहे. गायला नाही. दुसऱ्या ओळीत 'सांगाती'पाशी आवाज एकदम खाली उतरतो आणि क्षणभर थांबतो. जात्याचा खुंटा पलीकडे गेलेला असतो, बाई पुढे वाकलेली असते, तेव्हा गळ्यात आवाज धरून ठेवायचा. खुंटा अलीकडे आला की मग 'वाट' उचलायची. आजोबा मांडी घालून, हवेत हात फिरवून हे दाखवायचे. खुर्चीवर बसलेल्यांना ते जमेना. सगळे तिथे पुढे धावायचे. मी ओठ हलवत होते, तर मला बघून ते म्हणाले, "ओठसुद्धा चुकतात तुझे!"

आणि दर तालमीला त्यांचा आवाज आधीच्या तालमीपेक्षा जरासा कमी असायचा. 

दूधविनायकाच्या गल्लीत तात्या जोशी राहतात. चार पिढ्या काशीत गेल्या त्यांच्या. वेदपाठी घराणं, तात्या स्वतः पाठशाळेत शिकवायचे, आणि पेटी अशी वाजवायचे की गावातली कीर्तनं त्यांच्यावाचून अडायची. आजोबांची आणि त्यांची ओळख फार जुनी. तात्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, गोडा मसाला आणण्याच्या निमित्ताने आजोबा तिकडे जायचे आणि दोन तास मराठी बोलून यायचे. त्या कार्तिकात एक दिवस मीही बरोबर गेले.

"काय साळवे, ठंडी पडली नाही तोच मफलर?" तात्यांनी विचारलं.

आजोबांनी सगळं सांगितलं, घशाचं आणि ओवीचंही. अगदी साधं, जसं घर रंगवायला काढलंय म्हणून सांगावं तसं.  तात्यांनी पेटी पुढे ओढली. "कोणती ती चाल? म्हणा बघू."

आजोबांनी म्हटली. घोगरी, तुटत तुटत. पहिली ओळ संपायच्या आतच तात्यांची बोटं पुढे गेली होती. 'सांगाती'पाशी ती बोटं आपणहून थांबली. बरोबर जितकं थांबायचं तितकं. आजोबांनी गाणं सोडून दिलं आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

"अहो, ही तर माझ्या आईची," तात्या म्हणाले. "नेवाशाकडची होती ती. लग्न होऊन काशीला आली ती जातं बरोबर घेऊन. त्यावर हेच म्हणायची. शब्द निराळे, तिचे विठ्ठलाचे."

आतून काकू म्हणाल्या, "आणि ते जातं अजून माझ्या वाटेत आहे! रोज ठेच लागते. हलवा म्हटलं तर एकजण हलवत नाही."

सगळे हसले. मी हसले, पण मनात एक गोष्ट येऊन गेली ती सांगते, कारण तुम्ही मोठे व्हाल तेव्हा ती तुम्हाला कळायला हवी. तात्यांची आई आणि आजोबांची आई एकाच मुलखातल्या. त्या काळी दोघींना एका विहिरीवर पाणी भरता आलं नसतं. चाल तेवढी एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर गेली होती. तिला कोणी अडवलं नव्हतं. आजोबांच्याही मनात तेच आलं असावं. उठताना ते म्हणाले, "घर कुणाचंही असो तात्या, घरघर तीच."

दारापर्यंत सोडायला आलेले तात्या जरा अडखळले. "साळवे, राग मानू नका. मी येतो, साथ करतो. पण ते शब्द माझ्या तोंडून यायचे नाहीत."

"मागितलेत कुठे मी?"

"बस तर. शब्द तुमचे. पेटी मी धरतो."

परतताना आम्ही मंगला गौरीच्या बाजूने घाटावर उतरलो. टोपल्या नुकत्याच वर चढत होत्या. आजोबा पायरीवर टेकले आणि खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मला मोकळा दिसला. "चाल राहील," ते म्हणाले. "माणसं शिकतील हळूहळू."

तुम्ही विचाराल, ती ओवी फोनवर का नाही घेऊन ठेवली? तुमच्या आईनेही तेच सांगितलं होतं. घेतली होती एका दुपारी. मग त्यांनी ती ऐकली. कुकरची शिट्टी, खोकला, आणि मधून मधून त्यांचा तो खरवडल्यासारखा आवाज. त्यांनी ती पुसून टाकली. "नातवंडांना आजोबा म्हणून हे ऐकवायचं? घसा जरा सुटला की नीट म्हणतो." मीही आग्रह केला नाही. घसा सुटणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं, पण असं काही माहीत असणं आणि ते उघड बोलणं यांत अंतर असतं.

दिवाळीला त्यांनी गच्चीवर कंदील लावला, आणि तो उतरवायचा नाही म्हणून बजावलं. नाताळला तोच तारा. तो वाऱ्यावर फिरत असतानाच इस्पितळातून फोन आला. नव्या तपासणीत गाठ वाढलेली दिसते, थांबता येणार नाही, याच आठवड्यात या. आमची पहिली उपासना ठरली होती आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळची वाट बघायला जिथून सुरुवात होते त्या रविवारी. ऑपरेशन त्याच्या आधीच आलं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी तुम्हाला फोन केला. तुमची सकाळ होती, शाळेची घाई होती. रूथचा एक बूट सापडत नव्हता. ते म्हणाले, "पलंगाखाली बघ," आणि तो तिथेच निघाला. रूथ ओरडली, "आजोबांना तिथून दिसला!" त्यावर ते किती हसले. त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत शेवटचा पोचला तो हाच. मला वाटतं, बरं झालं. कोणी काही जपून ठेवायचं म्हणून बोललं नाही.

ऑपरेशनच्या दारापाशी ते माझ्याशी बोलले तेही असंच. "गच्चीवरचे कपडे उतरवलेस का?" मी हो म्हटलं. उतरवले नव्हते.

तो रविवार उजाडला तो कोहऱ्यात. इथे धुक्याला कोहरा म्हणतात, आणि तो खरंच वेगळा असतो. दारात उभं राहिलं तर समोरचं मिश्राजींचं घर नाहीसं. आजोबा दोनच दिवसांपूर्वी घरी आले होते. नाकात नळी, गळ्याला छिद्र, त्यावर पातळ सुती फडकं. मी म्हटलं होतं, पुढे ढकलू. त्यांनी पाटीवर लिहिलं, "नाही." आणि त्याखाली रेघ.

माणसं आली. सगळी नाही, पण आली. शिंदे सिस्टर आल्या, त्यांनी आधी नळी तपासली आणि मग प्रार्थनेला बसल्या. डेव्हिड मुलांना घेऊन आला. पाद्रीसाहेब आले. कोहऱ्यातून एक टोटो येऊन थांबला आणि त्यातून कानटोपी घातलेले तात्या उतरले, मांडीवर पेटी, पेटीवर काकूंनी दिलेली शाल. आत येताना ते क्रूसापुढे थांबले नाहीत आणि त्याला टाळूनही गेले नाहीत. आपल्या जागी बसले आणि भाता हलवला.

चाल एकदा पूर्ण फिरली. मग सवयीने सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं, की आता ते उचलतील. आजोबांनीही, सवयच ती, मान वर केली आणि तोंड उघडलं.

 छिद्रातून नुसता वारा आला.

तात्यांनी चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. कोणालाच उचलता येईना. खरं सांगायचं तर कोणाला ती आलीच नव्हती. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडून शब्द यायचे नव्हते, आणि आजोबांना आवाज नव्हता. राहिले मी. मी उभी राहिले आणि वर्गात धडा वाचावा तशी ती ओवी वाचली. सूर नाही, काही नाही. "जातं फिरे घरघर, पीठ पडे भुरभुर." खाली पेटी चालत होती, वर माझा कोरडा आवाज. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा शिंदे सिस्टर बरोबर बोलल्या, मग डेव्हिड, मग त्याच्या मुलांनी हिंदी वळणाने. आजोबा गुडघ्यावर हात फिरवत होते, जात्यासारखा गोल. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हाताची लय सुटली नाही.

नंतर मी सगळ्यांना चूडा-मटर आणि चहा दिला. चूडा-मटर म्हणजे इथले हिवाळ्यातले पोहे, हिरव्या वाटाण्याचे. नळीने दूध घेत आजोबा सगळ्यांचं खाणं बघत होते. माणसं गेल्यावर त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, "मास्तरीणबाई, सांगातीपाशी थांबली नाहीस."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी थांबेन."

पुढचा रविवार त्यांच्या छातीत कफ भरण्यात गेला, त्याच्या पुढचा इस्पितळात. माघाच्या थंडीत ते गेले. त्यांना निरोप हिंदीतच दिला गेला, कँटच्या चर्चमध्ये, आणि तो फार चांगला दिला गेला; माझी तक्रार नाही. तात्या दफनभूमीपर्यंत आले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली असेल. मला त्याचं काही वाटलं नाही. ते आले होते.

मंडळी पुन्हा जमली नाही. शिंदे सिस्टर भाचीकडे नागपूरला गेल्या. डेव्हिडची बदली झाली. खुर्च्या तंबूवाला घेऊन गेला, आणि जाजमावर त्यांच्या पायांचे गोल ठसे कितीतरी दिवस तसेच होते. मी ते झाडलं नाही. मग एके दिवशी झाडलं, कारण मी झाडणारी बाई आहे. क्रूस आहे तिथेच आहे. तात्या काही रविवार येत राहिले, एकटेच पेटी वाजवून, चहा घेऊन जायचे. मग त्यांच्या बोटांना सूज येऊ लागली आणि तेही थांबलं. काकू गेल्या उन्हाळ्यात गेल्या. जातं अजून वाटेतच आहे म्हणे. आता त्याची ठेच तात्यांना लागते.

काल मी घाटावर गेले ती तात्यांना भेटायला. कार्तिकात ते रोज सांजेला तिथे असतात. काकूंच्या नावाचा दिवा चढवायचा असतो. पाणी काळसर झालं होतं, संकठा घाटाच्या बाजूने आरतीची घंटा येत होती. तात्या पणती लावून टोपलीत ठेवत होते. मला बघून म्हणाले, "या वहिनी, बसा जरा." मग हात पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तेल जास्तीचं आहे. साळव्यांच्या नावाने एक चढवू का?"

मी वर पाहिलं. किती टोपल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली कोणीतरी मान वर करून उभं होतं. क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. पण ज्या माणसाने आपल्या तोंडून न येणारे शब्द कधी उच्चारले नाहीत, त्याला मी खोटं हो देऊ शकत नव्हते.

"आमच्यात चालत नाही, तात्या."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "विचारलं आपलं."

त्यांनी दोरी ओढायला घेतली. टोपली थोडी चढली आणि अडली. सुजलेल्या बोटांत दोरी धरवत नव्हती. ती घसरली, टोपली डुचमळली, काकूंची पणती विझता विझता राहिली. तात्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा घसरली.

मी पर्स खांद्यावर नीट अडकवली, चष्मा वर सारला आणि त्यांच्या हातातून दोरी घेतली.

"दिवा तुमचा," मी म्हटलं. "दोरी मी धरते."

दोरी ओढायची, धरून ठेवायची, हात बदलायचा, पुन्हा ओढायची. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की शेजारी तात्या गुणगुणत आहेत. शब्द नव्हते, नुसती चाल. माझे ओठ हलायला लागले. जातं फिरे घरघर. ओढलं. पीठ पडे भुरभुर. ओढलं. येशू माझा सांगाती. दोरी हातात ताणलेली होती, मी वर बघत पुढे वाकले होते, आणि हात बदलेपर्यंत मला श्वास सोडता येत नव्हता. मग हात बदलला. वाट नाही आता दूर.

टोपली टोकाला लागली. तात्यांनी गुणगुणणं थांबवलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"आता बरोबर थांबलात, वहिनी," ते म्हणाले.